हुंडेकरींना फुटलेली खोली

मिरजेत भूपाल मगदुमांच्या घरी, मागच्या बाजूला राहणाऱ्या भाडेकरूला गेल्या वर्षी श्रावणात तिसरी खोली फुटली. ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे, कुणाच्याही डोक्यावर हात ठेवून सांगतो. मी स्वतः त्या खोलीत बसून चहा प्यालोय. म्हणजे बसलो नव्हतो. तेव्हा खोली कोनाड्याएवढीच होती, मी नुसता कप आत ठेवला होता. आणि चहाही कुणी दिला नव्हता. पण खोली होती.

घराचा एखाद्यावर जीव जडला की त्याला खोली फुटते, यात नवल काही नाही. नवल होतं ते घरानं माणूस कुठला निवडला याचं. मगदूम पुढच्या बाजूला एकतीस वर्षं राहत होते. घराची एकेक वीट त्यांनी उन्हात उभं राहून चढवून घेतली होती. त्यांना आजवर साधी फळीसुद्धा फुटली नव्हती. आणि हुंडेकरींना येऊन जेमतेम सात महिने झाले होते.

हुंडेकरी म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुणारा एकटा माणूस. आधीच्या सहा घरमालकांनी त्याला खिळ्यांवरून इतकं फैलावर घेतलं होतं की कॅलेंडर लावायचं झालं तरी तो आधी भिंतीवर तळहात ठेवून विचारायचा, "ठोकू का, बाई?" मग जरा थांबायचा. "नको? बरं, राहिलं." आणि कॅलेंडर खुर्चीवर ठेवायचा.

आठ दिवसांत खोली दहा बाय दहाची झाली. परसातलं शेवग्याचं झाड तिच्यासाठी अदबीनं दोन फूट मागे सरकलं. मगदूम टेप घेऊन मागे गेले.

"अण्णा, मी काही केलं नाही हो," हुंडेकरी म्हणाले. "शाळेतनं आलो तर ही अशी."

"करारात दोन खोल्या आहेत."

"मग हिला कुलूप लावू का?"

मगदुमांनी कुलूप आणलं. दाराला कडीच फुटली नव्हती.

रीतीप्रमाणे ते घरपट्टीच्या कार्यालयात गेले. तिथल्या कारकून बाईंनी जाडजूड वही उघडली.

"बांधलंय की फुटलंय?"

"फुटलंय."

"मग परवानगी लागत नाही. कुणाला फुटलंय? मालकाला की भाडेकरूला?"

मगदूम तोंडातल्या तोंडात पुटपुटले. मागे रांगेत पाच माणसं होती.

"मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही."

"भाडेकरूला."

रांगेतल्या पाचही माणसांनी माना खाली घातल्या. कुणाच्या घरचं असं काही कानावर पडलं की घालतात तशा.

घरी येऊन मगदुमांनी दिवाणखान्याला नवा रंग काढला, पिस्ता. भिंतीशी गोड बोलून पाहिलं. भिंतीनं चार दिवस ऐकून घेतलं आणि पाचव्या दिवशी जुना रंग पुन्हा वर आणला. मग गळतीचं निमित्त काढून त्यांनी पंधरा दिवसांसाठी जागांची अदलाबदल केली. मगदूम मागे गेल्यावर नवी खोली आकसून कपाटाएवढी झाली. पुढे, हुंडेकरी झोपायचे तिथे, झोपाळ्यासकट गच्ची फुटायला लागली. मगदुमांनी दहाव्या दिवशीच गळती थांबल्याचं जाहीर केलं.

"एकतीस वर्षं," ते बायकोला म्हणाले. "पद्मा, एकतीस वर्षं मी हिला पोसली. आणि ही त्या बाटलीधुव्याला झोपाळा देते!"

"तुम्ही कधी तिला काही विचारलंत का?" पद्मावतीबाई शेंगा सोलत म्हणाल्या.

"माझ्याच घराला मी विचारू?"

ते पुन्हा कार्यालयात गेले. बाईंनी वहीची सगळी पानं चाळली. "मालकाला फुटल्याची एकही नोंद नाही. सगळे अकरा महिन्यांच्या करारावरचे आहेत. नियम नाही तसा, पण नोंदी अशा आहेत."

मगदुमांनी त्याच आठवड्यात घर बक्षीसपत्रानं बायकोच्या नावावर केलं आणि तिच्याकडून अकरा महिन्यांच्या करारानं पुढची बाजू घेतली. दोन साक्षीदार आले. पोलीस पडताळणी झाली. "मालकिणीशी ओळख कशी?" हवालदारानं विचारलं. "लग्नात झाली," मगदूम म्हणाले, आणि त्यानं तसं लिहून घेतलं.

पद्मावतीबाईंनी काम मन लावून केलं. "मगदूम, मोरीत पाणी सांडू नका. मगदूम, पाहुणे किती दिवस आहेत? मगदूम, खिळा कुणाला विचारून ठोकलात?"

मगदुमांनी खिळा उपटला. त्या दिवसापासून तेही भिंतीवर तळहात ठेवायला लागले. दहा महिने ठेवला. पलीकडे हुंडेकरींना एक माळा आणि एक देवळी फुटली. त्यांनी मागितलीसुद्धा नव्हती.

अकराव्या महिन्यात पद्मावतीबाई म्हणाल्या, "करार वाढवायचं काही खरं नाही. एक नर्सबाई जागा बघून गेल्यात. स्वच्छ आहेत."

"मी जाऊ कुठे?"

"ते भाडेकरूनं बघायचं असतं."

मगदुमांनी ट्रंक भरली. निघायच्या दिवशी, सकाळी, हुंडेकरींच्या बाजूच्या भिंतीवर त्यांनी हात ठेवला. मागायचं काही उरलं नव्हतं. "बरंय," एवढंच म्हणाले.

हाताखाली काहीतरी मऊ लागलं. त्यांनी हात काढला. भिंतीला खिडकी फुटली होती, वहीच्या पानाएवढी. पलीकडे हुंडेकरी त्यांच्या तिसऱ्या खोलीत, खुर्चीवरच्या कॅलेंडरशेजारी, जमिनीवर बसून पोहे खात होते.

"अण्णा!" ते उठून उभे राहिले. "अहो, तुम्हाला फुटली की!"

पद्मावतीबाईंनी खिडकी पाहिली आणि नर्सबाईंना नाही म्हणून कळवलं. कार्यालयात मगदुमांच्या नावाची नोंद झाली. रांगेतल्या माणसांनी हात मिळवले. मगदूम खिडकीशी खुर्ची टाकून बसायला लागले. त्यांच्या मनातली जळजळ कायमची थांबली.

आता कबुली देतो. यातलं शेवटचं वाक्य माझ्या पदरचं आहे, बाकी सगळं घडलेलं. जळजळ थांबलेली नाही. खिडकी मगदुमांच्या बाजूनं नऊ इंच भरते. तीच खिडकी हुंडेकरींच्या बाजूनं अकरा इंच आहे. मगदुमांनी हात पलीकडे घालून टेपनं मोजलीय, आणि टेपचं दुसरं टोक हुंडेकरींनीच धरलं होतं.