खंडेनवमीची बिनतारी चाचणी

आमच्या डोंबिवलीच्या रंगाच्या कारखान्यात पंप चालू-बंद करणारी बिनतारी यंत्रणा मी बसवली आणि महिनाभर भेटेल त्याला ऐकवलं, "हिला कुठलाच अडथळा अडवू शकत नाही!" माजिवड्याच्या नाक्यावर वाहनांची कोंडी दिसली की रिक्षावाला जशी गल्ली पकडतो, तसा आमचा सिग्नल एका चॅनेलवर गर्दी झाली की स्वतःच दुसऱ्यावर जातो. खात्री एवढी, की चाचणीआधीच मी जुनी केबल उतरवून गुंडाळून ठेवली.

प्लांट हेड मृणाल मॅडमनी ते वेटोळं पाहिलं.

"सौमित्र, चाचणीत पास झालास तर उरलेल्या दोन शेडही तुझ्या. नाहीतर ही केबल तूच परत ओढायची. शिडीवर चढून."

"चालेल मॅडम!"

खंडेनवमीला पूजा आणि चाचणी एकत्रच ठरली. मी केबिनमधून बटण दाबायचं, शेडच्या टोकाला पंप सुरू झाला की नारळ फोडायचा. सफाईच्या विमलाबाईंना मी चारदा बजावलं, "मावशी, पंपाच्या पॅनेलवरच्या अँटेनावर नारळाच्या पाण्याचा थेंब उडता कामा नये!"

"नाही उडणार, मी बघते," त्या म्हणाल्या.

मी बटण दाबलं. पंप सुरू! टाळ्या! नारळ फुटल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ पंप ऑपरेटर धाकूकाकांची हाक.

"सायेब, पंप बंद परला!"

मी धावलो. पॅनेलवर झेंडूच्या हारांचा हा ढीग. त्याला हात जोडले आणि शत्रू शोधायला निघालो.

आधी सगळ्यांचे मोबाइल टोपलीत जमा केले. आरतीचा ब्लूटूथ स्पीकर ऐन कडव्यात बंद केला. कँटीनच्या मायक्रोवेव्हचा प्लग काढला, त्यामुळे अख्ख्या शिफ्टने थंडगार भाजी खाल्ली आणि माझ्याकडे बघत खाल्ली. तरी सिग्नल नाही! मग शेजारच्या कारखान्यात शिरलो.

"तुमची वायरलेस क्रेन बंद करा!"

"आमची क्रेन वायरवर चालते," तिथले मॅनेजर शांतपणे म्हणाले. "तुम्ही तुमची केबल काढलीत म्हणे?"

परत आलो. शिडी डोळ्यांसमोर दिसत होती.

"मॅडम, हा घातपात आहे! कुणीतरी मुद्दाम सिग्नल पाडतंय!"

तेवढ्यात विमलाबाई पुढे आल्या. "साहेब, नारळ फुटून तास झाला. आता माझा डबा काढू का? चपात्या कागदात वाळल्या."

त्यांनी हार बाजूला केले. खाली त्यांचा स्टीलचा डबा, पंप सुरू होताच नारळ फुटायच्या आत हारांखाली सरकवून पालथा घातलेला. डबा उचलला, खाली कोरडीठाक अँटेना! हिरवा दिवा लागला. सिग्नलला पळायला गल्ल्या हजार होत्या, पण आम्ही घराचं दारच लावून घेतलं होतं.

मॅडम पॅनेलजवळ आल्या. "सिग्नल गेल्यावर पंप आपला आपण थांबला? कुणी हात न लावता?"

"हो मॅडम."

"मग यंत्रणा पास. सिग्नल गेल्यावर पंप चालूच राहिला असता, तर टाकी उतू गेली असती. हे तपासायचं तुला सुचलं नव्हतं."

उरलेल्या दोन शेडची चाचणी आता विमलाबाई घेणार आहेत, डब्यासकट. अहवालात तसं लिहिलंय. माझंही नाव आहे त्यात. 'अडथळ्याचं मूळ कारण' या रकान्यात!