एकेचाळीस विजा

मोजणीसाहेबांची नोकरी एका आकड्यावर अडली होती आणि तो आकडा शून्य होता. प्रसारण मनोऱ्याच्या टोकापासून जमिनीत गेलेल्या तांब्याच्या पट्टीवर त्यांनी एक डबी बसवली होती. वीज पडली की डबीतला आकडा एकाने सरकायचा. दोन वर्षे तो ढिम्म हलला नव्हता. या महिन्यातही वीज पडली नाही, तर डबी निघणार होती आणि साहेबांची रवानगी आवक-जावक विभागात होणार होती.

"पडली का हो?" बायको रोज दारातच विचारायची. शेजारीण एकदा घाबरून जिन्यात पाहून आली.

सोमवारी साहेबांनी डबी पाहिली आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिली. एकेचाळीस! रविवारी आभाळात औषधालाही ढग नव्हता, हे त्यांना आठवले, पण संचालकबाईंना फोन करून झाल्यावर.

"एकेचाळीस? थांबा, मी दुपारी येतेच."

फोन ठेवतात तोच डबी टक्‌ वाजली. बेचाळीस. साहेब पट्टीच्या मागोमाग कुंपणापर्यंत गेले. तिथे एक वेल्डर कुंपणाचे गज जोडत बसला होता आणि त्याच्या यंत्राचा चिमटा थेट पट्टीला लावलेला होता.

"अहो, हे काय?"

"अर्थिंग, साहेब. कालपासून लावलंय. काय झकास पट्टी आहे!"

गप्प बसले असते तर साहेबांची नोकरी वाचली असती. ते बसलेही, चांगली पाच मिनिटे. पण आयुष्यभर मोजमाप केलेल्या माणसाला खोटा आकडा पचेना. त्यांनी चिमटा काढायला लावला आणि डबी सोडवून शून्यावर आणायला कचेरीतल्या टेबलावर नेली.

दुपारी बाई आल्या, त्यांच्यामागून ढगही आले.

"बाई, त्या सगळ्या विजा वेल्डरच्या होत्या," साहेब जमिनीकडे बघत म्हणाले.

बाई काही बोलणार, एवढ्यात खिडकीभर लखलखाट झाला आणि तावदाने हादरली. वीज बरोबर मनोऱ्याच्या टोकावर पडली होती. दोघांनी टेबलाकडे पाहिले. डबीत स्वच्छ शून्य होते.

दार ढकलून वेल्डर आत आला, दोन्ही हात वर करून.

"आईशप्पथ साहेब, ही माझी नाही!"

बाईंना हसू आवरेना. त्यांनी वहीत 'एक' लिहिले, खाली साक्षीदार म्हणून वेल्डरची सही घेतली आणि म्हणाल्या, "डबी जागेवर लावा. आणि आता वर्षभर तिला हात लावू नका."

संध्याकाळी बायको दारातच होती.

"पडली का हो?"

"पडली!"

"अगंबाई! मग मोजली ना तुम्ही?"

साहेब बुटाची नाडी सोडायला खाली वाकले.

"वेल्डरनं मोजली."