मोकळ्या जागांचे अण्णा

आमचे मनोहरअण्णा स्क्रीनला फूटपट्टी लावून प्रोग्रॅम लिहितात. खालोखालच्या ओळींतली बरोबरची चिन्हं एका रेषेत आली नाहीत, तर त्यांना जेवण जात नाही. एरवी माणूस देवमाणूस. पंखा बंद पडो, चहात माशी पडो, अण्णांचं एकच उत्तर, "इरलि बिडो." असू दे रे. मोकळ्या जागेच्या बाबतीत मात्र ते कुणाला असू दे म्हणाले नाहीत.

उणकलच्या आमच्या ऑफिसात दाजीबानपेठेतल्या कापड दुकानांसाठी सॉफ्टवेअर बनायचं. साहेबांनी फर्मान काढलं, सगळी मॉड्यूल्स फॉर्मॅटरमधून काढा. एक आज्ञा दिली की हे यंत्र सगळ्यांच्या ओळी एका साच्यात बसवतं. अण्णा आता आकांडतांडव करणार म्हणून आम्ही मजा बघायला बसलो, तर त्यांनी आपली सगळी मॉड्यूल्स निमूट यंत्राच्या हवाली केली. फक्त कापडाच्या ताग्यांचं मॉड्यूल सोडलं.

ते वनिताअक्कांचं. त्या अण्णांच्या बायको, शेजारच्याच टेबलावर बसायच्या. त्यांची मांडणी म्हणजे नुसता गोंधळ. कंस कुठंही, प्रत्येक अर्धविरामाआधी उगाच एक मोकळी जागा. त्यावरून दोघांचं रोज वाजायचं. अक्का गेल्या, आणि अण्णांनी त्यातली एकही ओळ सरळ केली नाही. एवढं एक राहू द्या, असं त्यांनी साहेबांना दोनदा विनवलं. साहेब ऐकेनात.

अण्णांच्या हातून हे व्हायचं नाही, असं मला वाटलं. ते अक्कांच्या वर्षश्राद्धाला धारवाडला गेले त्या दिवशी मीच ती आज्ञा देऊन टाकली. कोड पहिल्यासारखाच चालत होता. आपण अण्णांवर उपकारच केले, अशा समजुतीत मी होतो.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी ते मॉड्यूल उघडलं आणि बघतच राहिले. मी घाईघाईनं सांगितलं, जुनी प्रत जपून ठेवलीय, केव्हाही काढून बघता येईल.

"फोटोपण आहे की घरात," अण्णा म्हणाले.

ते एकेका ओळीवर कर्सर नेत होते. आमच्याकडं ओळीवर कर्सर ठेवला की तिला शेवटचा हात कुणी लावला, त्याचं नाव बाजूला उमटतं. मला ते तेव्हा आठवलं, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"रोज सकाळी एक फेरी मारत होतो रे," अण्णा हळू आवाजात म्हणाले. "वनिता, वनिता, वनिता. आता बघ, सगळीकडं तूच हाईस."