मास्तरांनी आधीच लिहिलेली कार्डं

शामराव मास्तर उद्याची दाढी आज संध्याकाळी करतात. सकाळी घाई होते म्हणून. सकाळपर्यंत खुंट पुन्हा वर येतात, पण मास्तरांच्या लेखी दाढी झालेली असते. "करून ठेवलं की सुटलो, वहिनी," असं ते म्हणतात. दिवसातून दहा वेळा ते असे सुटतात.

ते आमच्या शेजारी राहतात आणि खामगावच्या इंग्रजी शाळेत शिकवतात. मुलांच्या प्रगतिपुस्तकातले वर्षअखेरचे शेरे ते शाळा उघडल्याच्या आठवड्यातच लिहून ठेवतात. माझ्या नारायणाला 'प्रकृती जपावी' असा शेरा तेव्हाच मिळाला होता. जानेफळचे त्यांचे मामा अंथरुणाला खिळले, तेव्हा मास्तरांनी मामीच्या नावानं सांत्वनाचं पत्र लिहून ठेवलं. ते चुकून दसऱ्याच्या पत्रांबरोबर टपालात गेलं. मामीला वाचता येत नाही, म्हणून मामांनीच ते तिला वाचून दाखवलं. पुढे मामा बरे होऊन बाजाराला आले, तेव्हा मास्तरांच्या ओट्यावर टेकून म्हणाले, "शाम्या, लिहिलं बाकी चांगलं बे. मलेच रडू आलं."

मी चौथीपर्यंत शिकले. परक्या माणसासमोर माझ्या तोंडून शब्द निघत नाही, पण मास्तरांच्या या गोष्टींना पदराआड पुष्कळ हसले आहे. त्या उन्हाळ्यात मात्र हसू गेलं.

लंकेतल्या एका शाळेशी आमच्या शाळेचा पत्रव्यवहार होता. तिथल्या एका खेड्यातली शाळा पुरात पडली होती. ठरलं असं, की आपली बारा मुलं मास्तरांबरोबर जातील, त्या मुलांच्या जोडीनं भिंती उभ्या करतील, त्यांना लेझीम शिकवतील आणि त्यांची गाणी शिकून येतील. बारांत माझा नारायण होता, आणि समोरच्या सुभद्राबाईंचा पांडुरंग.

"लंकेत?" सुभद्राबाई म्हणाल्या. "अन् पूल कोन बांधून राह्यलं?"

"आगबोट असते, काकू," नारायण म्हणाला.

"बोट बुडते बापा. पूल बरा होता."

जाण्याच्या आदल्या आठवड्यात मास्तर कार्डांचा गठ्ठा घेऊन आमच्या ओट्यावर बसले. बारा घरं आणि प्रत्येक घराला पाच कार्डं. मजकूर त्यांनी लिहून आणला होता: मुले खुशाल, हवा उत्तम, काम जोरात. मुलांना बोलावून त्यांनी सगळ्या कार्डांवर सह्या घेतल्या. तारखेची जागा तेवढी कोरी ठेवली. ती तिथं भरायची, तिकीटही तिथलंच लावायचं.

"पोरं लिहीत नाहीत, वहिनी," ते मला म्हणाले. "अन् इकडे आया जीव टांगून बसतात. लिहून ठेवलं की सुटलो. पण हे कोणाले सांगू नका."

मी मान हलवली. नारायणाच्या बोटाला शाई लागली होती, ती त्यानं माझ्याच पदराला पुसली.

निघताना मास्तरांनी मला घराची किल्ली दिली. त्यांच्या घरी कोणी नाही. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली. तुळशीला पाणी घालायला सांगितलं आणि तिकीट लावलेलं एक कार्ड हातात ठेवलं. "हे तिसऱ्या बुधवारी पेटीत टाका." ते कार्ड मी न वाचता देव्हाऱ्यात ठेवलं.

पहिलं कार्ड वेळेवर आलं. यांनी ते कामावर, कापसाच्या जिनात नेऊन चार जणांना दाखवलं. सुभद्राबाई त्यांचं कार्ड माझ्याकडे घेऊन आल्या. "वाच वं बाई." मी वाचलं, "पांडुरंग खुशाल आहे. भात आवडीने खातो." त्यांनी ते दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग आणखी दोघी आपापली कार्डं घेऊन आल्या. मी सगळ्यांना वाचून दाखवली.

पुढच्या आठवड्यात यांनी जिनातून वर्तमानपत्र आणलं. लंकेत तापाची साथ होती आणि खेडीच्या खेडी अंथरुणाला लागली होती. मी ती बातमी पुन्हा पुन्हा वाचली.

तीन दिवसांनी दुसरं कार्ड आलं. 'नारायण खुशाल आहे.' खाली त्याची सही.

"बघ," हे म्हणाले, "पोराची सही आहे. उगाच जीव काढतेस."

ती सही आमच्या ओट्यावर झाली होती. लांबवलेल्या शेवटच्या रेघेशी शाईचा थेंब होता. तो पडला तेव्हा मी समोरच होते. यांना सांगावं असं पुष्कळदा वाटलं. पण सांगितलं असतं, तर बारा घरांतली चूल त्या दिवशी पेटली नसती. शिवाय मास्तरांना शब्द दिला होता. मी कार्ड घेऊन माजघरात गेले आणि तारीख पाहिली. पहिल्या कार्डावरची तारीख मास्तरांच्या अक्षरात होती. ही नव्हती. आकडे कोणा मुलाचे होते, आणि तो मुलगा नारायण नव्हता.

म्हणजे मास्तरांच्यानं साधी तारीखसुद्धा लिहवत नव्हती.

त्या दिवशीही बायका आल्या. मी एकेक कार्ड वाचलं. प्रत्येक कार्डावर तेच परके आकडे. ऐकून बायका हसत घरी गेल्या. सुभद्राबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

तिसरा बुधवार आला. देव्हाऱ्यातून कार्ड काढलं. उघडं कार्ड, त्यावर नजर पडलीच. वर पत्ता मास्तरांचा स्वतःचाच होता, लंकेतल्या शाळेचा. खाली त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'घरी सर्व खुशाल. तुळशीला रोज पाणी घालतो. तुमची आठवण निघते. लवकर यावे.' सही नव्हती.

मी ते हातात धरून बसून राहिले. तिकडे टपाल आलं, की बारा मुलांना घरची पत्रं मिळणार. तेराव्या माणसाला कोण लिहिणार? तेही मास्तरांनी आधीच करून ठेवलं होतं.

मी नारायणाची जुनी दौत काढली. नात्याबाहेरच्या पुरुषाला मी कधी चार अक्षरं लिहिली नव्हती. उरलेल्या जागेत बारीक लिहिलं, 'मास्तर, तारीख तुमच्या अक्षरात नाही. मुले कशी आहेत ते खरे लिहा. तुम्ही कसे आहात तेही. तुळस मी पाहते, ती बरी आहे. नारायणाची आई.'

पेटीकडे जाताना सुभद्राबाई बरोबर आल्या. निम्म्या वाटेत माझ्यानं राहवलं नाही. कार्डं आधीच लिहिलेली होती, हे मी सांगून टाकलं आणि खाली मान घालून उभी राहिले.

"मले मालूम होतं," त्या म्हणाल्या. "माहा पांड्या भात आवडीनं खाते का? भाकरीबिगर त्याले जेवल्यासारखं वाटत नाही."

"मग वाचायला काऊन आणत होत्या?"

"घरी एकटी बसून काय करू? तू वाचत होती, तेवढा वेळ बरं वाटे."

आम्ही दोघींनी मिळून कार्ड पेटीत टाकलं.

मधे आधीच लिहिलेलं आणखी एक कार्ड आलं. आम्ही ते वाचलं नाही. पोस्टमन गल्लीत वळला, की सुभद्राबाई दारात आणि मी खिडकीत. तो पुढे निघून गेला, की दोघी आत. असे बारा दिवस गेले.

तेराव्या दिवशी माझ्या नावानं कार्ड आलं. माझ्या नावानं आलेलं ते पहिलंच. ओळी तिरक्या होत्या, दोन ठिकाणी खोडलेलं होतं. मास्तरांच्या कार्डावर मी कधी खाडाखोड पाहिली नव्हती.

'वहिनी, हे कार्ड आजच लिहितो आहे. सात मुले तापली. नारायणास तीन दिवस शुद्ध नव्हती. पांडुरंग त्याच्याजवळून उठला नाही. मग मीही पडलो. आता सर्व उठून बसतात. नारायणाने काल पेज मागितली. शाळेची एक भिंत राहिली आहे, ती तिथली मुले पुरी करतील. आम्ही शुक्रवारी निघतो. पोहोचू तेव्हा पोहोचलो म्हणू.'

मी धावतच समोर गेले. डोक्यावर पदर नव्हता, हे नंतर लक्षात आलं.

मुलं आली, सगळी बारा. नारायणाच्या गालांची हाडं वर आली होती. भाकरी खाता खाता तो सांगत होता, की टपाल आलं तेव्हा मास्तर तापात होते. आपलं कार्ड हातात घेऊन ते हसले, मग खाली वाचलं आणि पांघरूण घेऊन एकटेच बाहेर जाऊन बसले. बऱ्याच वेळानं आत आले आणि लेखणी मागितली. उरलेली लिहून ठेवलेली कार्डं त्यांनी पेजेच्या चुलीत घातली.

दाढी ते अजून आदल्या संध्याकाळीच करतात. यंदाचे शेरेही लिहून झाले आहेत.

काल ते संग्रामपूरकडे गेले, विहिरीचा गाळ काढायला मुलं घेऊन, पंधरा दिवसांसाठी. किल्ली दिली, तुळशीचं सांगितलं आणि एक कार्ड पुढे केलं. "बुधवारी टाका, वहिनी."

ते गेल्यावर मी कार्ड उलटून पाहिलं. पत्ता त्यांच्या अक्षरात आहे. बाकी कार्ड कोरं आहे.

बुधवारला तीन दिवस आहेत. तुळशीला मंजिऱ्या आल्या आहेत, एवढं लिहायला सुचलं आहे.