सगळे काळेच

इलाने गोठ्याच्या फळ्यावर लिहिलेले चौदा नंबर पाहिले, मग वडिलांकडे पाहिलं. "बाबा, पोळी नक्की कोणी खाल्ली?"

"त्या काळ्याने," गुरुनाथ म्हणाले.

चौदाही काळे होते.

झालं होतं ते एवढंच. रविवारी इलाच्या आईचं, मीनाक्षीचं, वर्षश्राद्ध होतं. प्लेनो शहरातल्या घरात एकट्याने करायला नको, म्हणून इलाने वडिलांना दोन तासांवरच्या आपल्या फार्मवर आणलं होतं. गुरुनाथांनी स्वतः पोळ्या लाटल्या, गोग्रास काढला. प्लेनोत मीनाक्षी तो तीस वर्षं मागच्या कुंपणावर ठेवायची आणि खारी खाऊन जायच्या. इथे तर तारेपलीकडे खरी गुरं. एका काळ्या तोंडाने पोळी अलगद घेतली. वर्षभरात पहिल्यांदाच गुरुनाथांना बरं वाटलं, म्हणून संध्याकाळी त्यांनी कौतुकाने सांगितलं. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

"बाबा, त्या गाई नाहीत," जावई शिव म्हणाला. "खच्ची केलेले बैल आहेत."

"तिला चाललं असतं. खारी चालायच्या."

"प्रॉब्लेम तो नाहीये," इला म्हणाली. "आम्ही मांस घेणाऱ्यांना लिहून देतो की जन्मापासून फक्त दूध आणि गवत. धान्याचा एक कण नाही. आणि तू अख्खी पोळी दिलीस."

"तूपही होतं," गुरुनाथांनी खरं ते सांगितलं.

दोन वर्षं इला रोज सकाळी विजेची तार सरकवून या बैलांना ताज्या गवताचा नवा तुकडा मोकळा करत आली होती. आता ते छान भरले होते. मंगळवारी सकाळी त्यांना कत्तलखान्यात नेणारा ट्रेलर येणार होता. पोळी खाणारा सापडला नाही तर कागदावर सही नाही, आणि सही नाही तर एकही जाणार नाही.

"एक पोळी, यार. कोण विचारणारे?" शिव म्हणाला.

"मीच विचारीन ना स्वतःला."

"आईवर गेलीये," गुरुनाथ पुटपुटले.

शेवटी शिवनेच युक्ती काढली. पोळी दाखवायची, द्यायची नाही. जो ओळखेल तो चोर. सोमवारी सकाळी गुरुनाथ गरम पोळी उंच धरून तारेशी उभे राहिले. तेरा माना गवतातून वर आल्या नाहीत. एक जण मात्र अख्खं कुरण ओलांडून सावकाश आला आणि त्याने गुरुनाथांच्या खिशाला नाक लावलं. कानात बिल्ला, एकतीस नंबर.

इलाने फळ्यावरचा एकतीस पुसला.

"मग याचं काय?" गुरुनाथांनी विचारलं.

"राहील इथेच. आईचा गोग्रास खाल्लाय त्याने, आता पाठवू कसा?" तिने हात झटकले. "पण नियमाने त्याला गवतावरच्या दुसऱ्या कळपात मिसळता येणार नाही. आणि एकटं जनावर नीट चरत नाही, बाबा. तारेशी उभं राहतं. उतरत जातं."

 इला गुरुनाथांना वर्षभर म्हणत होती, इथे राहायला ये. ते म्हणत, माझं प्लेनोत मस्त चाललंय. शनिवारीच शिवने त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला दोन नवी भोकं पाडून दिली होती.

मंगळवारी प्लेनोला परत जायला गुरुनाथांची बॅग गाडीत ठेवून झाली. रस्त्यावरून ट्रेलरचा आवाज येऊ लागला. इला कागद घेऊन बाहेर आली, तर वडील तारेशी उभे आणि समोर बारा नंबर शांतपणे रवंथ केल्यासारखा काहीतरी चघळतोय. त्याच्या ओठाला तूप लागलं होतं.

"बाबा. हे काय?"

"चुकून झालं."

"चुकून?"

"सगळे काळेच. गोंधळ होतो माणसाचा."

इलाने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग गोठ्यात जाऊन बाहीने फळ्यावरचा बारा पुसला.

"आणि या दोघांची तार रोज कोण सरकवणार?" तिने आतूनच विचारलं.

"शिवला सांग, माझी बॅग गाडीतून काढ म्हणावं," गुरुनाथ म्हणाले. "आणि गावात गेला की तूप आण. संपलंय."