खापरपणजोबांचे चार संघ

लग्न जमवावं तर मीच! बायकोच्या, म्हणजे स्नेहाच्या माहेरी, सुकापूरला कसलीही बोलणी असली की माझ्याशिवाय पान हलत नाही, असं निदान मी तरी समजतो. म्हणून स्नेहाची भाची ऋचा मेलबर्नहून लियम नावाचा गोरा नवरदेव घेऊन आली, तेव्हा मी तिला सांगितलं, "निर्धास्त राहा. आजोबांचा होकार माझ्याकडे लागला."

ऋचाचे आजोबा काळूराम, म्हणजे माझे सासरे. तरुणपणी गावाच्या कबड्डी संघाचे कप्तान. गोऱ्या कातडीचं त्यांना काही नव्हतं. त्यांचा प्रश्न एकच, "घराणं कसं हाय?"

घराण्याची माहिती मी ऋचाकडून आधीच काढली होती. लियमचे खापरपणजोबा टॉम हे तिकडच्या फुटबॉलचे सुरुवातीच्या काळातले गाजलेले खेळाडू. ओटीवर भावकी जमली आणि मी सुरू झालो. चेंडू लांबट, अंड्यासारखा. लाथेनं मारायचा, पण हातानंही धरायचा. टॉम तर पुढच्याच्या खांद्यावर गुडघा रोवून चेंडू झेलायचे.

"आन् पंच काय करतो?" सासऱ्यांनी विचारलं.

"बघत राहतो," मी ठोकून दिलं. भावकी हसली. मग काय, मी सुटलोच. "असा गडी, की गावाच्या संघातून दुसऱ्या संघानं त्यांना पळवून नेलं!"

ओटी एकदम गप्प. मला वाटलं, मंडळी भारावली.

"दुसऱ्यानंच काय, तिसऱ्यानं, चौथ्यानंही नेलं! आणि अंतिम सामन्यात त्यांनी आपल्याच गावाला हरवलं!"

सासऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "गावाचा संघ सोडून दुसऱ्याकडून खेळनाऱ्याला आमच्यात कोनी पानी देत नाय. चार गावं फिरलेल्याच्या घरात आमी पोरगी द्यायची? नाय जमायचं."

स्नेहानं माझ्याकडे असं पाहिलं की मी पोह्यांच्या बशीत मान घातली. ऋचाचे डोळे भरले. पोरीचा त्याच्यावर खरंच जीव होता, आणि मला पहिल्यांदाच माझ्या जिभेची भीती वाटली.

बिचारा लियम अजून हसत होता. ऋचानं त्याला सगळं इंग्रजीत सांगितलं, त्यानं उत्तर दिलं आणि ती आजोबांकडे वळली. "चार नाही, दोनच संघ. काकांनी वाढवून सांगितलं. लग्नानंतर खापरपणजोबा बायकोच्या गावी राहायला गेले, म्हणून तिथून खेळले."

"सासुरवाडीकडून?" सासरे पुढे सरकले. "आन् सासुरवाडीसाठी आपल्या गावाला हरवलं?"

"शेवटचा गोल त्यांचाच."

सासऱ्यांनी उठून लियमच्या पाठीवर दणका घातला. "ह्याला म्हनतात घराणं! याच्या मापाची चड्डी बघा रं. रविवारी बेलपाड्याशी सामना हाय."

मग ते माझ्याकडे वळले. "जावईबापू, एवढी वर्सं झाली. तुमी आमच्याकडून काय खेळलात?"

"कॅरम," मी म्हणालो.

लग्न ठरलं. रविवारी लियम पहिल्याच चढाईत बाद झाला, तरी गावानं त्याला खांद्यावर घेतलं. मलाही सासऱ्यांनी मोठ्या विश्वासानं काम दिलं होतं, खेळाडूंच्या चपला सांभाळायचं. त्यातली एक हरवली. नवऱ्या मुलाची.