रोसाबाय आणि आमच्या विमलताई

आमच्या विमलताई कुकरलासुद्धा दम भरतात. तीन शिट्ट्या होऊनही तो चौथीला फुरफुरू लागला की कमरेवर हात ठेवून म्हणतात, "हुकूमशाही चालायची नाही, सांगून ठेवते!" मांजराने दुधात तोंड घातलं, कोंबडा वेळेआधी आरवला, ऐन स्वयंपाकात लाइट गेली, सगळ्यांना हेच. घरात एकाच माणसाला हे वाक्य त्यांनी कधी ऐकवलेलं नाही. ते म्हणजे अण्णा. विमलताईंचे यजमान आणि माझे थोरले दीर.

मी धाकटी जाऊ, शशी. डहाणूजवळच्या वरोरला आमची चिकूची वाडी आहे. माझे यजमान बोईसरला कारखान्यात पाळी करतात, म्हणून वाडीवर राज्य अण्णांचं.

ही हुकूमशाही घरात आली ती एका कादंबरीतून. डहाणूला रद्दीवाल्याकडे विमलताईंना मिळाली. मुखपृष्ठ फाटलेलं, त्यामुळे नाव कळत नाही, लिहिणारा कोण तेही नाही. कुठल्याशा समुद्रापलीकडच्या देशात फार पूर्वी एक सेनापती गादीवर बसतो आणि घराघरात, अगदी चुलीवरच्या भिंतीलाही, आपला फोटो लावायला लावतो. सैनिकांचे गणवेश शिवणाऱ्या तिघी शिंपिणी त्याच्याविरुद्ध उभ्या राहतात. त्यांची म्होरकी रोसा. विमलताईंनी ते पुस्तक इतक्यांदा वाचलंय की माझी धुणीभांडी तेवढी झाली नसतील.

नुसतं वाचून भागेल तर त्या विमलताई कसल्या! तलासरीकडच्या बाया चिकू निवडायला येतात. पडवीत ढीग ओतायचा, मोठा, मधला, बारका असे वेगळे करायचे आणि खोक्यात भरायचे. निवडताना विमलताई वाचून दाखवायच्या. रोसाला पकडायला शिपाई आले की त्यांतल्या लखमीचे हात थांबायचे. "मंग? मंग काय झालं बाय?" आणि त्या नादात बारका चिकू मोठ्याच्या खोक्यात. मुंबईच्या व्यापाऱ्याने एकदा अख्खा माल परत धाडला. अण्णांनी खोकी उघडली, चिकू बघितले, बायकोकडे बघितलं आणि पुस्तक उचलून कपाटात घातलं. किल्ली कमरेच्या करगोट्याला.

आता गप्प बसतील म्हणता? छे! दुसऱ्या दिवशी बाईसाहेब पडवीत बसल्या आणि पहिल्या पानापासून सुरू. तोंडपाठ! अण्णा अंगणातून जायचे तेव्हा त्यांना वाटायचं, बायकांच्या उखाळ्यापाखाळ्या चालल्यात. मी पदराआड हसून हसून बेजार. म्हटलं, वा गं माझी जाऊबाई, शेवटी दाखवलीस की हिंमत!

कसली हिंमत नि कसलं काय.

नोटाबंदीच्या दुसऱ्या वर्षी वाढवणला होऊ घातलेल्या बंदराची हवा पुन्हा तापली. वाढवण म्हणजे विमलताईंचं माहेर. समुद्रात भराव घालणार, होड्या जाणार, भाऊ-भावजय कुठे जाणार या काळजीने त्यांना रात्रीची झोप नव्हती. किनाऱ्यावरच्या बायकांचा डहाणूला कचेरीवर मोर्चा ठरला. विमलताईंनी दोन दिवस आधी हिरवं नऊवारी लुगडं उन्हात टाकलं. सारखं मला विचारायच्या, "शशी, पुढे चालायचं की मधे गं?"

मोर्चाच्या सकाळी त्या तयार होऊन पायरीवर आल्या. चपलाही घातलेल्या. अण्णा झोपाळ्यावर पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "आज टेम्पो यायचाय. माणसं जेवायला असतील. शशी चाललीय ना? घरातून एक पुरे."

बस, एवढंच. आवाज चढवला नाही, हात उगारला नाही. अण्णा तसं कधीच करत नाहीत, आणि म्हणून गावात त्यांना देवमाणूस म्हणतात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "अण्णा, त्यांच्या माहेरचा प्रश्न आहे." अण्णांनी पान उलटलं. विमलताई माझ्याकडे बघेनात. "बरं," म्हणाल्या, आणि पायरीवरच चपला काढल्या.

फाटकाशी लखमी आणि बाकीच्या उभ्या होत्या. तलासरीकडच्या बायांना मोर्चाचं काय कौतुक? जमीनदारांविरुद्ध उठलेल्या आज्यांपासून चालत आलेलं. दिवसाची मजुरी सोडून आल्या होत्या. लखमीने तिथूनच हाक मारली, "बाय, तू नाय येत? मंग ती रोसाबाय आमाला कशाला सांगलीस?"

विमलताई आत गेल्या. थोड्या वेळाने बाहेर आल्या त्या भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन. तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी, सगळ्यांना पुरतील एवढ्या. कधी थापल्या कोण जाणे. गाठोडं माझ्या हातात देताना म्हणाल्या, "लखमीला आधी दे. ती उपाशी निघाली असेल."

संध्याकाळी मी परत आले ती घसा पार बसवून. तोंड उघडलं तर नुसती हवा. विमलताईंनी मला स्वयंपाकघरात पाटावर बसवलं, मिठाचं कोमट पाणी दिलं, मग हळदीचं दूध. मोर्चा किती मोठा होता, साहेब भेटले का, माहेरचं कोण कोण आलं होतं, काही विचारलं नाही. माझ्यासमोर उकिडव्या बसल्या आणि दोन बोटं माझ्या गळ्यावर ठेवली.

"इथे दुखतं?"

मी मान हलवली.

"आणि इथे?"

पुन्हा हलवली. त्या बराच वेळ तशाच चाचपत राहिल्या, लहान मुलीने दुसरीच्या नव्या बांगड्या बघाव्यात तशा. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "एवढं वय झालं, पण माझा घसा कधी बसलाच नाही गं, शशी."

ओटीवरून अण्णांची हाक आली, "आमटी वाढा."

मला ओरडायचं होतं. त्या घराची कौलं उडतील असं ओरडायचं होतं. तोंड उघडलं, आवाजच फुटला नाही.

विमलताईंनी माझ्या गळ्यावरची बोटं काढून घेतली, पदराला पुसली आणि आमटीचं पातेलं उचललं. "आणते हो," त्या म्हणाल्या. आवाज अगदी स्वच्छ होता.